वुक ब्रांकोविचला गद्दार कुणी केलं?

चार सर्बियन सरदार आहेत. चौदाव्या-पंधराव्या शतकातले. चौघांच्याही दाराशी ऑटोमन सुलतानाची फौज येऊन ठेपलेली. चौघांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो, मग तुम्ही सांगा, यातला गद्दार कोण.

पहिला सुलतानाचा मांडलिक झाला. १३९५ साली सुलतानाच्या बाजूने, एका ख्रिस्ती राजाविरुद्ध लढताना रणांगणावर मेला.

दुसराही मांडलिक. त्याची सख्खी बहीण सुलतानाच्या जनानखान्यात. १३९६ साली युरोपातले सरदार एकत्र होऊन सुलतानावर चालून आले, तेव्हा याचे घोडेस्वार ऐन मोक्याच्या क्षणी सुलतानाच्या मदतीला धावले आणि युरोपची फौज धुळीला मिळाली.

तिसऱ्याने १४४८ साली कॉन्स्टँटिनोपलच्या तटबंदीच्या दुरुस्तीला पैसे दिले. पाच वर्षांनी तीच तटबंदी फोडायला निघालेल्या सुलतानाला त्याने दीड हजार घोडेस्वार पाठवले.

चौथा या सगळ्यांत हट्टी. शेजारचे वाकले तरी तो आणखी दोनेक वर्षं वाकला नाही. वाकल्यावरही सुलतानाच्या मोठ्या मोहिमांमध्ये त्याचं नाव दिसत नाही. शेवटी सुलतानाने त्याची जमीन काढून घेतली, त्याला कैदेत टाकलं, आणि १३९७ साली तो तिथेच मेला.

सर्बियन लोकस्मृतीने निकाल कधीच देऊन टाकलाय. पहिला, म्हणजे मार्को, लोकगीतांचा सगळ्यात लाडका नायक. दुसरा, स्तेफान लाझारेविच, चर्चने संत घोषित केलेला. तिसरा, जुराज ब्रांकोविच, अडचणीच्या काळातला धोरणी राजा. आणि गद्दार? चौथा. वुक ब्रांकोविच. आपल्याकडे घरभेद्याला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणतात, तसं सर्बियात ‘वुक ब्रांकोविच’ म्हणतात. एकदा हे नाव चिकटलं की पुढे बोलायचं काही उरत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वुकवरचा हा शिक्का खोटा आहे. पण तो पुसून दुसऱ्या कुणाच्या कपाळावर मारावा, असंही मला वाटत नाही. तो शिक्काच कामाचा नाही. ‘तो कुणाच्या बाजूने होता?’ हा प्रश्न त्या काळाला विचारला की उत्तर चुकीचंच येतं. आणि असं चुकीचं उत्तर शतकानुशतकं घोकत राहण्याची किंमत वुकने नाही, भलत्याच लोकांनी चुकवली आहे.

१३८९: लढाई कुणाच्या अंगणात झाली?

आधी नकाशा समजून घेऊ. १३४६ मध्ये दुशान नावाच्या राजाने स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करून घेतला. त्याचं राज्य ग्रीसपर्यंत पसरलं होतं. १३५५ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा उरोश १३७१ मध्ये निपुत्रिक मेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मारित्सा नदीकाठी ऑटोमनांनी दक्षिणेकडच्या सर्बियन फौजेचा चुराडा केला. त्यात मार्कोचा बाप, राजा वुकाशिन, मारला गेला.

त्यानंतर ‘सर्बिया’ नावाचं एकसंध राज्य उरलंच नाही. उरले ते आपापला मुलूख सांभाळणारे सरदार. उत्तरेला मोरावा नदीच्या खोऱ्यात लाझार, ज्याला ‘क्नेझ’ म्हणत. दक्षिणेला प्रिलेपमध्ये मार्को. आणि मधोमध, कोसोवोच्या पठारावर, वुक ब्रांकोविच. प्रिश्टिना, प्रिझरेन, पुढे स्कोप्ये, शिवाय त्रेपचाच्या चांदीच्या खाणी. वुक हा लाझारचा जावई. लाझारची मुलगी मारा त्याला दिलेली. ही सोयरीक म्हणजे राजकीय करारच होता.

२८ जून १३८९ (जुन्या पंचांगाप्रमाणे १५ जून) या दिवशी सुलतान मुराद आणि लाझार समोरासमोर आले. जागा कोसोवोचं मैदान, प्रिश्टिनाजवळ. म्हणजे वुकच्याच अंगणात. लढाई हरली तर पहिलं घर कुणाचं जळणार होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी दोन्हीकडचे प्रमुख मेले. मुरादचा खून झाला. परंपरा सांगते की मिलोश ओबिलिच नावाच्या योद्ध्याने त्याला मारलं. लाझार पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. मुरादच्या मुलाने, बायेझिदने, तिथल्या तिथे सत्ता हातात घेतली, आपल्या भावाला संपवलं आणि गादी पक्की करायला तो परत फिरला. वुक जिवंत राहिला.

वुकविरुद्ध पुढे उभा राहिलेला सगळा खटला या एका गोष्टीवर उभा आहे. सासरा मेला, जावई वाचला. म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार.

पण लगेचच्या कागदांत काय दिसतं? बोस्नियाचा राजा त्व्रत्को याने कोसोवोला आपली तुकडी पाठवली होती. लढाईनंतर त्याने विजयाची पत्रं धाडली. इटलीतल्या फ्लोरेन्स शहराने ऑक्टोबर १३८९ मध्ये त्याला अभिनंदनाचं उत्तरही पाठवलं. सुलतान मेला, फौज मागे गेली, म्हणजे आपण जिंकलो, असाच अर्थ तेव्हा पश्चिमेकडे लावला गेला. गंमत बघा. जिंकल्याची बातमी असते तेव्हा फितूर कुणालाच सापडत नाही. त्याची गरज हरल्यावर पडते.

१३९०च्या दशकात सर्बियन मठांमध्ये लाझारला हुतात्मा संत मानून स्तोत्रं आणि प्रवचनं लिहिली गेली. लिहिणारी माणसं लाझारच्या घराण्याच्या जवळची होती. वुकने रणात दगा दिला असता, तर ते बोलून दाखवायची याहून चांगली संधी नव्हती. तिथे असा आरोप नाही. पुढे १४३०च्या दशकात कोन्स्तांतिन नावाच्या विद्वानाने स्तेफान लाझारेविचचं चरित्र लिहिलं. त्यातही वुकच्या माथी कोसोवोतला दगा मारलेला नाही.

वाकला कोण, आणि कधी?

लढाईनंतर लाझारची विधवा मिलित्सा राज्य सांभाळत होती. मुलगा स्तेफान जेमतेम बारा वर्षांचा. दक्षिणेकडून ऑटोमनांचा दबाव, आणि त्याच शरद ऋतूत उत्तरेकडून हंगेरीचा राजा सिगिस्मुंड चालून आला, काही किल्लेही घेतले. इकडे आड तिकडे विहीर. मिलित्साने १३९०च्या सुमारास सुलतानाचं मांडलिकत्व पत्करलं. खंडणी देणं आणि बोलावलं की फौज पाठवणं, या दोन अटी. आणि धाकटी मुलगी ओलिवेरा बायेझिदच्या जनानखान्यात गेली.

हे वाचून मिलित्साला कुणी गद्दार म्हणेल का? सर्बियात कुणी म्हणत नाही. चर्चने तिलाही संत मानलंय. माझीही तक्रार नाही. बारा वर्षांचा मुलगा, मरून पडलेली फौज आणि दोन बाजूंना दोन शत्रू असताना दुसरं काय करायला हवं होतं, हे आज मोबाइलवर वाचणाऱ्या तुम्ही-आम्ही सांगणं सोपं आहे.

पण मग हाच न्याय वुकला का नाही?

सासूने सुलतानापुढे मान तुकवली तेव्हा वुकने तुकवली नव्हती. १३९२च्या सुमारास स्कोप्ये त्याच्या हातून गेलं. त्यानंतर तो वाकला. त्याच वर्षीच्या हिलांदार मठाशी झालेल्या एका व्यवहाराच्या कागदात तुर्कांना द्यायच्या खंडणीचा विषय येतो. म्हणजे मानेवर सुरी आल्यावर, शहर गमावल्यावर त्याने खंडणी कबूल केली.

कबूल करूनही तो नीट मांडलिक झाला नाही. १३९५ मध्ये रोविनेला, १३९६ मध्ये निकोपोलिसला बायेझिदचे सर्बियन मांडलिक त्याच्यासाठी लढले. त्यांच्यात वुकचं नाव सापडत नाही. १३९६ मध्ये बायेझिदने त्याचा मुलूख हिसकावला. त्यातला मोठा भाग कुणाला मिळाला? त्याच्या मेहुण्याला, निष्ठावंत मांडलिक स्तेफान लाझारेविचला. काही महत्त्वाची ठिकाणं सुलतानाने स्वतःकडेच ठेवली. ६ ऑक्टोबर १३९७ रोजी वुक कैदेत मेला.

फितुराला बक्षीस मिळतं, अशी आपली समजूत असते. इथे ‘फितूर’ बेड्यांमध्ये मेला आणि त्याची जमीन संताला मिळाली.

निष्ठा मोजायची तर सगळ्यांची मोजा

आता बाकीच्या तिघांकडे वळू. त्यांना खाली ओढण्यासाठी नाही, एकच मोजपट्टी सगळ्यांना लावून बघण्यासाठी.

मार्कोबद्दल एक प्रसंग त्याच कोन्स्तांतिनने नोंदवलाय. रोविनेच्या लढाईआधी मार्को आपल्या सोबतच्या सरदाराला, कोन्स्तांतिन देयानोविचला, म्हणाला की देवाने ख्रिस्ती लोकांना यश द्यावं आणि या लढाईत सगळ्यात आधी आपण मरावं. तो खरंच हे बोलला की नाही, हे आज सिद्ध करता येणार नाही. पण पंधराव्या शतकातल्या लेखकाला ते शक्य वाटलं, हे महत्त्वाचं. समोरच्या फौजेला यश मिळो म्हणून प्रार्थना करायची आणि मग तिच्यावरच घोडा घालायचा. दोघंही त्या लढाईत मेले. लोकगीतांनी मार्कोला महापराक्रमी केलं, दारू पिणारा, आपल्या ठिपक्यांच्या घोड्यालाही पाजणारा. तो सुलतानाच्या चाकरीत होता हे गीतं लपवत नाहीत. उलट, चाकर असून सुलतानालाच दरडावणारा म्हणून त्याचं कौतुक करतात.

देयानोविचची गोष्ट तर आणखी अवघड. त्याची मुलगी हेलेना बायझंटाइन सम्राटाला दिलेली. तिचा मुलगा म्हणजे शेवटचा बायझंटाइन सम्राट, अकरावा कॉन्स्टंटाइन. तो आजोळचं ‘द्रागाशेस’ हे नाव लावायचा. आजोबा १३९५ मध्ये सुलतानासाठी लढताना मेला. नातू १४५३ मध्ये सुलतानाविरुद्ध कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर मेला. यातलं कुठलं रक्त ‘गद्दार’ आणि कुठलं ‘निष्ठावंत’?

स्तेफान लाझारेविच तर या शब्दाची पार चेष्टा करतो. निकोपोलिसला त्याच्या घोडेस्वारांमुळे सिगिस्मुंडचा पराभव पक्का झाला आणि त्या राजाला होडीत बसून पळावं लागलं. लढाईनंतर बायेझिदने कैद्यांची कत्तल केली. १४०२ मध्ये अंकाराला तैमूरविरुद्ध स्तेफान बायेझिदच्या बाजूने इतक्या शौर्याने लढला की शत्रूनेही वाखाणलं. बायेझिद पकडला गेला. परतीच्या वाटेवर स्तेफान कॉन्स्टँटिनोपलला थांबला आणि तिथे त्याला ‘देस्पोत’ हा मानाचा किताब मिळाला. मग १४०३-०४च्या सुमारास तो कुणाचा मांडलिक झाला? त्याच सिगिस्मुंडचा, ज्याला त्याने निकोपोलिसला पळवून लावलं होतं. त्याने स्तेफानला बेलग्रेड दिलं आणि १४०८ मध्ये आपल्या ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारमंडळात घेतलं. स्तेफानने बेलग्रेडची राजधानी केली, मानासियाचा मठ बांधला, विद्वानांना आश्रय दिला, स्वतः कविता लिहिली. १९२७ मध्ये सर्बियन चर्चने त्याला संत ठरवलं.

मला स्तेफान आवडतो. त्याच्या त्या पंचवीस वर्षांत सर्बियाला श्वास घेता आला. पण मोजपट्टी ‘सुलतानासाठी तलवार उचलली का?’ ही असेल, तर वुकपेक्षा त्याचा गुन्हा कितीतरी मोठा ठरतो. आणि ती मोजपट्टी त्याला लावायची नसेल, तर वुकलाही लावता येणार नाही.

तिसरा जुराज. हा वुकचा मुलगा. १४०२ मध्ये तो आपल्या मामाविरुद्ध, स्तेफानविरुद्ध, लढला. पुढे दोघांत समेट झाला आणि निपुत्रिक स्तेफानने याच भाच्याला वारस नेमलं. ‘गद्दाराचा’ मुलगा ‘संताच्या’ गादीवर बसला, कारण त्या काळी वुकला गद्दार समजणारं फारसं कुणी नव्हतं. जुराजने आपली मुलगी मारा सुलतान दुसऱ्या मुरादला दिली. तरी १४४१ मध्ये त्याच जावयाने जुराजच्या दोन मुलांचे, ग्रगुर आणि स्तेफान यांचे, डोळे काढले. १४४८ मध्ये त्याच्या पैशाने डागडुजी झाल्याचं सांगणारा शिलालेख कॉन्स्टँटिनोपलच्या बुरुजावर लागला. १४५३ मध्ये त्याच तटाखाली त्याचे दीड हजार स्वार सुलतानाच्या छावणीत होते. त्यांच्यासोबत कोन्स्तांतिन मिहाइलोविच नावाचा एक तरुणही होता. दोन वर्षांनी १४५५ मध्ये सुलतानाने नोवो ब्र्दो हे खाणीचं शहर घेतलं, तेव्हा तो स्वतः पकडला गेला आणि जॅनिसरी फौजेत भरती झाला. पुढे सुटून त्याने आठवणी लिहिल्या. कोसोवोबद्दल तो म्हणतो की काही सरदार लढले आणि काही नुसते बघत राहिले. नाव मात्र तो कुणाचंच घेत नाही.

मग नाव आलं कुठून?

१६०१ मध्ये. लढाईनंतर २१२ वर्षांनी.

दुब्रोव्निकचा बेनेडिक्टाइन मठाधिपती माव्रो ओर्बिनी याने स्लाव्ह लोकांच्या राज्यांचा इतिहास इटालियन भाषेत लिहिला. त्यात त्याने वुकचं नाव घेऊन सांगितलं की याने दगा दिला. शिवाय एक झकास कौटुंबिक भांडणही जोडलं. लाझारच्या दोन मुली, एक वुकची बायको, दुसरी मिलोशची. कुणाचा नवरा शूर यावरून दोघींची जुंपली, एकीने दुसरीला थोबाडीत मारली, मग नवऱ्यांचं द्वंद्व, मग वुकने सासऱ्याचे कान भरले की मिलोश फितूर आहे. थोडक्यात, मालिकेला पुरेल इतका मसाला.

गोष्ट रंगली, कारण तिला सगळं मिळालं. लढाईच्या आदल्या रात्रीचं जेवण हे येशूच्या शेवटच्या भोजनासारखं. लाझार येशूच्या जागी. मग यहुदा कोण? पंगतीत बसलेला, घरातला, सोयऱ्यातला माणूस हवा. जावई याहून चपखल कोण असणार! आंधळे गायक गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या गात राहिले. एकोणिसाव्या शतकात वुक काराजिचने ती गोळा करून छापली. १८४७ मध्ये माँटेनेग्रोचा राजा-बिशप न्येगोश याने ‘गोर्स्की वियेनात्स’ हे महाकाव्य लिहिलं. त्यात वुकच्या नावाचा उद्धार होतोच. आणि त्याचं कथानक आहे इस्लाम स्वीकारलेल्या आपल्याच लोकांना संपवण्याचं.

लक्षात घ्या, इथे फितुरीचा अर्थ बदलला. एका माणसाने एका दिवशी दगा दिला, इथपासून सुरुवात झाली. शेवट झाला तो एका आख्ख्या समाजाला जन्मजात गद्दार ठरवण्यावर.

ही गोष्ट खोटी आहे हे कुणी सांगितलंच नाही असं नाही. एकोणिसाव्या शतकात इलारिओन रुवारात्स या इतिहासकाराने वुकवरचा आरोप कागदांच्या आधारे खोडून काढला. हा रुवारात्स कुणी पाश्चात्त्य टीकाकार नव्हता. तो सर्बियन ऑर्थोडॉक्स मठाचा प्रमुख होता. त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. राष्ट्राला गोष्ट हवी होती आणि हा कागद पुढे करत होता. अभ्यासक हळूहळू रुवारात्सच्या बाजूला गेले. भाषणं मात्र गोष्टीच्याच बाजूला राहिली.

खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं

इथे तुम्ही विचाराल, सहाशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची बदनामी झाली तर झाली, आज कुणाचं काय बिघडतं?

२८ जून १९८९. कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षं पूर्ण. गाझीमेस्तानच्या स्मारकाजवळ लाखोंचा जमाव. त्याआधी लाझारच्या अस्थी सर्बियन वस्त्यांमधून मिरवल्या गेल्या होत्या. व्यासपीठावर स्लोबोदान मिलोशेविच. त्याच्या भाषणाचा एक धागा असा होता की फुटीरपणा आणि विश्वासघात हे १३८९ पासून सर्ब लोकांच्या पाचवीला पुजलेत. वुकचं नाव घेण्याची गरजच नव्हती. समोरच्या प्रत्येकाला ते लहानपणापासून पाठ होतं. लाझारला हरवणारा शत्रू बाहेरचा. पण खरा घात करणारा आपल्यातलाच. मग आपल्यातले ‘वुक’ शोधायचं काम सुरू होतं.

११ जुलै १९९५ रोजी राट्को म्लादिच स्रेब्रेनित्सात शिरला. कॅमेऱ्यासमोर म्हणाला की आता ‘तुर्कांचा’ सूड घ्यायची वेळ आली आहे. तिथे तुर्क कुणीच नव्हतं. होते ते बोस्नियातले मुसलमान, म्लादिचचीच भाषा बोलणारे. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. हे वुकच्या गोष्टीमुळेच झालं, असं म्हणणं बाष्कळपणा ठरेल. सत्ता, जमीन, शस्त्रं, सरकारं, सगळं त्यामागे होतं. पण धर्म बदललेला शेजारी म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या दग्याची चालती-बोलती खूण, ही कल्पना अशा गोष्टींनीच लोकांच्या डोक्यात मुरवली होती.

आणि २८ जून २००१. पुन्हा तीच तारीख. पंतप्रधान झोरान जिंजिच यांच्या सरकारने मिलोशेविचला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवलं. जिंजिच यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांची रांग लागली. १२ मार्च २००३ रोजी बेलग्रेडमध्ये सरकारी इमारतीच्या दाराशी त्यांना गोळी घातली गेली. दोषी ठरलेल्यांत टोळीवाले होते आणि विशेष पोलीस दलाचे लोक होते. त्यांना तुरुंग टाळायचा होता, धंदा वाचवायचा होता. मात्र ज्याला आधीच गद्दार ठरवलंय, त्याच्यावर गोळी झाडणं सोपं जातं. मारणाऱ्याला खुनी न वाटता रक्षक असल्यासारखं वाटतं.

‘म्हणजे निष्ठेला काही अर्थच नाही?’

हा आक्षेप येणारच. आणि तो हलका नाही. सगळेच परिस्थितीचे बळी म्हटलं, की कुणालाच जाब विचारता येत नाही.

जाब जरूर विचारावा. मी फक्त म्हणतो, केलेल्या कृत्याचा विचारावा. स्तेफानने निकोपोलिसला चढाई केली, तिचा शेवट कैद्यांच्या कत्तलीत झाला. त्याची जबाबदारी कुठवर त्याच्याकडे जाते, हा खरा प्रश्न आहे. वुकने खंडणीचा भार मठापर्यंत पोचवला. तिथून तो जमीन कसणाऱ्यांपर्यंत कसा उतरला, हा खरा प्रश्न आहे. जुराजने दीड हजार स्वार पाठवले. त्यातल्या किती जणांना विचारलं होतं, हा खरा प्रश्न आहे. या सरदारांच्या ‘निष्ठा’ एकाच वेळी चार ठिकाणी वाटलेल्या होत्या. जमीन, घराणं, धर्म आणि कराराने बांधलेला धनी. ‘राष्ट्र’ नावाचा पाचवा हक्कदार आपण नंतर कोंबला, आणि मग त्याच्याशी बेइमानी केली म्हणून त्यांना फासावर चढवलं.

वुकची बाजू घेणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. त्याला ‘खरा देशभक्त’ करून त्याचे पुतळे उभारू नका. तो संत नव्हता. चांदीच्या खाणी, शहरं आणि हक्क राखण्यासाठी झगडणारा, हातातून जाईपर्यंत न सोडणारा मोठा जमीनदार होता. त्याचा हट्ट तत्त्वाचा होता की मालकीचा, हे वेगळं काढता येत नाही. त्याच्यासाठी दोन्ही एकच होतं. पण मारलेला शिक्का उलटा करून मारला तरी तो शिक्काच. स्तेफानला गद्दार आणि वुकला वीर केलं, तर नवीन ओर्बिनी जन्माला येईल, एवढाच काय तो फरक.

तीस सेकंदांच्या रीलमध्ये ‘गद्दार’ हा शब्द फार छान बसतो. एक चेहरा, एक ढोल, एक शिवी. त्यात १३९२ मध्ये गमावलेलं शहर बसत नाही. जनानखान्यात पाठवलेली मुलगी बसत नाही. शत्रूला यश मिळो म्हणून प्रार्थना करत त्याच्यावरच घोडा घालणारा मार्को बसत नाही. म्हणून ते सगळं कापलं जातं आणि उरतो तो जावई.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी इतिहासातला गद्दार हातात ठेवला, तर एवढं विचारा: हे नाव पहिल्यांदा कुणी घेतलं, घटनेनंतर किती वर्षांनी घेतलं, आणि ज्याची जमीन गेली तो कोण होता? वुकच्या बाबतीत उत्तरं अशी आहेत: परक्या शहरातल्या एका मठाधिपतीने, २१२ वर्षांनी, आणि वुक स्वतः.